वहिनींची वीत

लीलावहिनी गेल्या हे मला एका फोटोवरून कळलं. देवळाली प्रवरेच्या आमच्या जुन्या शाळेतल्या शिक्षकांचा एक ग्रुप आहे, त्यावर सकाळी सव्वानऊला तो आला. जांभळी पैठणी, डोक्यावरून पदर आणि चेहरा असा आवळलेला, की फोटोवाल्याने 'हलू नका' असं दरडावलं असावं. कुठल्याशा लग्नातला फोटो. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागलेली. मी नाव दोनदा वाचलं आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी मला रागच आला. हा कोणाचा फोटो लावलाय यांनी? बावीस वर्षं मी ज्या बाईला ओळखत होते ती घोट्यापर्यंतचा सुती स्कर्ट, वर नवऱ्याचा जुना शर्ट आणि डोक्याला टॉवेल अशा थाटात उसाच्या बांधावर उभी असायची, उजवा हात स्कर्टच्या खिशात घालून. तो स्कर्ट तिने स्वतः शिवलेला असायचा. त्या वेषातला तिचा एकही फोटो कोणाकडे नाही, माझ्याकडेसुद्धा नाही, आणि याचा दोष मी कोणाला देऊ?

सावेडीतून मी लगेच निघाले. नगरहून देवळाली काही लांब नाही, पण रस्त्याचं काम चालू होतं आणि राहुरीच्या अलीकडे गाड्या तासभर जागच्या हलल्या नाहीत. मी बसमध्ये उभी राहून, खाली बसून, कंडक्टरशी वाद घालून पाहिलं. पोचले तेव्हा माणसं परतत होती. वहिनींचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, ओल्या धोतराने ओट्यावर बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "बाई, उशीर झाला तुमाला." त्या वाक्यात कसलाही आरोप नव्हता. पण मी शिक्षिका, आयुष्यभर उशिरा येणाऱ्यांना वर्गाबाहेर उभं केलेलं... मला ते फार लागलं.

मी देवळालीच्या शाळेत बदलून आले तेव्हा दादांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. वहिनी माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या. पण मी शाळेतली बाई, म्हणून त्यांनी मला शेवटपर्यंत 'बाई' आणि 'तुमी'च म्हटलं, आणि मी त्यांना 'अहो वहिनी'. एकमेकींच्या घरातलं पीठमीठ मागणाऱ्या आणि एकमेकींच्या नवऱ्यांवर मनसोक्त तोंडसुख घेणाऱ्या दोघी बायका असं अहो-जाहो करत भांडायच्या, हे ऐकणाऱ्याला गमतीचं वाटायचं. भांडायचो मात्र नेमाने.

स्कर्टची सुरुवात मी येण्याआधीच झाली होती. ती गोष्ट त्यांच्याच तोंडून मी दहा-बारा वेळा ऐकली. उसाला पाणी भरायला वीज येईल तेव्हा पळायचं, आणि मोटरीच्या खोलीची किल्ली कमरेला खोचलेली. एकदा वाफ्याचं दार फोडताना किल्ली पाटात पडली आणि गाळात गेली. कुलूप तोडेपर्यंत वीज गेली, पाण्याची पाळी चुकली, आणि दादांनी चारचौघांत आवाज चढवला. वहिनी घरी आल्या, एक विरलेली सुती साडी घेतली, मशीनवर बसल्या आणि संध्याकाळच्या आत त्या साडीचा एक घेरदार स्कर्ट केला, उजव्या बाजूला भला खोल खिसा असलेला. "सहा वार साडी, बाई," त्या मला म्हणायच्या, "आन खिसा एकबी न्हाई. कोनी काढली असंल ही साडी, त्याला कधी दाऱ्यावर पानी भराया पाठवलं पायजे." सासूबाईंनी नाक मुरडलं. शेतकऱ्याच्या घरातली सून पोरीबाळींसारखी घागरा घालून हिंडते म्हणाल्या. वहिनींचं उत्तर तयार होतं, "आत्याबाई, हा परकरच हाय. वरची साडी तेवढी न्हाई." पुढे सहा महिन्यांनी त्याच सासूबाईंनी स्वतःच्या परकराला आतून खिसा लावून मागितला, तपकिरीची डबी ठेवायला. बाजाराला, लग्नाकार्याला वहिनी साडीच नेसायच्या. पण घर, शेत आणि गोठा या तिन्ही ठिकाणी त्यांचा स्कर्ट ठरलेला, आणि ते सगळे घरी शिवलेले.

माझा पहिला स्कर्ट माझ्या पडण्यामुळे शिवला गेला. साडीचा काठ स्कूटीच्या चाकात अडकून मी शाळेच्या फाटकाशीच आपटले, गुडघा फुटला. दुसऱ्या दिवशी वहिनी दूध घेऊन आल्या आणि माझी परवानगी वगैरे न घेता मला उभं करून कमरेभोवती हात फिरवू लागल्या. हात म्हणजे खरोखर हात. अंगठा आणि करंगळी ताणून एक वीत, तिथून पुढे दुसरी वीत, शेवटी उरलेली बोटं. टेप त्यांच्या घरात नव्हताच. उंची अशीच, घेर असाच, चुण्या दोन-दोन बोटांवर. सगळं त्यांच्या डाव्या हाताच्या मापाने. फक्त खिसा आला तेव्हा त्यांनी माझा हात कापडावर पालथा ठेवला, बोटं ताणायला लावली आणि माझ्याच शाळेतल्या खडूने अंगठ्यापाशी आणि करंगळीपाशी खुणा केल्या. मी विचारलं, हे का वेगळं? "खिसा ज्याच्या त्याच्या हाताचा," त्या म्हणाल्या. "एक वीत खोल. बाकी समदं माज्या हाताचं." मी उंच, हाडापेराने मोठी. त्या माझ्या खांद्याला लागायच्या आणि हात तर लहान मुलीसारखा. म्हणून माझ्या स्कर्टचे खिसे खोल आणि त्यांचे उथळ. तेव्हा ते ऐकून मी हसले होते.

आता एक कबुली देते. दुसरीच्या वर्गाला गणितात एक धडा असतो, अप्रमाणित मापांचा. मुलांना बाक वितीने मोजायला सांगायचा. एकाचं उत्तर सात विती येतं, एकाचं नऊ, मुलं भांडतात, आणि मग बाईंनी विजयी मुद्रेने पट्टी काढायची. म्हणून मुलांनो, सगळ्यांचं माप एकच हवं. हा धडा मी कितीतरी वर्षं शिकवला. घरी येऊन वहिनींनाही शिकवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "पन मापनारी मी एकटीच हाय की. भांडन कुनाशी व्हनार?" मी चिडून राहुरीहून टेप आणला, पिवळा, चांगला शिंप्याचा. आठवड्याने पाहते तर त्या टेपने परसातला घेवड्याचा वेल काठीला बांधलेला. मी बोलायचं सोडलं दोन दिवस. वेल मात्र छान चढला.

हट्टी होत्या. मेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहावं अशी रीत आहे, पण वहिनी गोड नव्हत्या आणि मी त्यांना गोड करणार नाही. माझी पुढे नगरला बदली झाली, मग निवृत्त झाले, तरी दर दिवाळीला मी कापड घेऊन देवळालीला जायचे. दर वेळी म्हणायचे, वहिनी, मला शिकवा, मला माझे स्कर्ट माझ्या घरी शिवायचेत, किती वर्षं तुमच्या दारात येऊ? त्या म्हणायच्या, "बघा की, मी काय डोळे बांधलेत का तुमचे?" आणि कात्री अशी भराभर चालवायच्या की बघून काही कळायची सोय नसायची. आकडा विचारला तर सांगायच्या नाहीत. आता वाटतं, शिकवलं तर मी यायची नाही, असा त्यांचा हिशोब असावा. मी विचारलं नाही. तसं विचारायची आमच्यात पद्धत नव्हती.

गेल्या दिवाळीत मात्र नवल झालं. आम्ही दोघी राहात्याच्या बाजारात गेलो होतो, तिथे एक सुती कापड मिळालं, गडद निळं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. वहिनींनी ते चिमटीत धरून चोळलं, उन्हात धरलं, दुकानदाराशी हुज्जत घातली आणि घरी आल्यावर मला उभं केलं. निवृत्तीनंतर माझी कंबर बदलली होती, जुने स्कर्ट होत नव्हते. त्यांनी नव्याने माप घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाल्या, "लिव्हा." मी पर्समधून वही काढली. कंबर पाच विती तीन बोटं. उंची साडेपाच विती. कमरेची पट्टी तीन बोटं. मी कशी लिहून घेत होते! वर्गात श्रुतलेखन घालणारी मी, स्वतः पेन्सिल चाटत लिहीत होते. "ह्या टायमाला कात्री तुमी चालवायची," त्या म्हणाल्या, "मी निस्ती समोर बसनार." पण दुसऱ्याच दिवशी ऊस तोडायला टोळी आली आणि त्यांना श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. "गुडीपाडव्याला या. कापड तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या." मी कापड आणि वही घेऊन नगरला आले.

मधे एकदा फोनवर म्हणाल्या, "डावा हात लई भरून येतोय बाई, दोन-चार दिवस झालं." आणि मी, शहाणी, शिकलेली, रोज वर्तमानपत्र वाचणारी, म्हणाले, "मशीन कमी चालवा जरा." मशीन! त्या हाताने त्या कापड मोजायच्या म्हणून मला मशीनच आठवलं. त्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "टोळी जाऊ द्या, मग बघू." टोळी गेली, आणि चारच दिवसांनी सकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या वहिनी कलंडल्या. त्या फोनचं मी कोणाला आजवर सांगितलं नव्हतं. दादांना तर नाहीच. इथे लिहिते आहे, कारण कुठेतरी ते लिहायला हवं होतं.

दहावा झाला, तेरावा झाला. दोन्ही वेळा मी गेले आणि दोन्ही वेळा दुपारच्या बसने पळाले, कारण त्या घरात मला बसवत नव्हतं. मग नगरला आपल्या जेवणाच्या टेबलावर ते निळं कापड पसरलं आणि वही उघडली. पाच विती तीन बोटं. मी माझा हात ताणून वर्तमानपत्रावर वीत टाकली आणि कागद कापून कमरेभोवती धरला. त्या मापात मी आणि वहिनी दोघी मावलो असतो. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वही भरून मापं माझ्याकडे होती, पण ज्या हाताची ती होती तो हात आता नव्हता. दुसरीच्या पोरांना जे कळतं ते मला दिवाळीत कळलं नाही. एकदा, फक्त एकदा, त्यांच्या ताणलेल्या पंज्यावर पट्टी ठेवली असती तर काय बिघडलं असतं? त्यांनी ठेवूही दिली असती, शिव्या घालत का होईना.

मी हार मानणारी नाही. स्वतःची कंबर टेपने मोजली, तीन बोटं वजा केली आणि पाचने भागली. मग आठवलं की वहिनी कमरेच्या मापात 'जेवनाची दोन बोटं' सैल धरायच्या, ती या आकड्यात होती की नव्हती, देव जाणे. उंचीवरून भागाकार केला, तर उत्तर निराळंच. त्यांनी कुठपर्यंत धरलं होतं, घोट्यापर्यंत की घोट्याच्या वर, तेही लिहिलेलं नाही. शेवटी शिंप्याकडे गेले. तो सज्जन माणूस म्हणाला, "मॅडम, एवढा विचार कशाला, उभ्या राहा, माप घेतो, परवा स्कर्ट घेऊन जा." मी कापडाची घडी छातीशी धरून तिथून चक्क निघून आले. माझी मुलगी म्हणाली, आई, प्रश्न स्कर्टचा नाहीचे. हल्लीच्या मुलांना सगळ्याच्या मागे काहीतरी दिसतं. प्रश्न स्कर्टचाच होता. तो वहिनींच्या मापाने, माझ्या कात्रीने आणि माझ्या घरी व्हायचा ठरला होता, तो तसाच व्हायला हवा होता.

आणि मग मला खिसा आठवला. खिसा ज्याच्या त्याच्या हाताचा, एक वीत खोल. म्हणजे वहिनींच्या स्वतःच्या एखाद्या स्कर्टचा खिसा मोजला की वहिनींची वीत सापडली! मी तशीच बस धरून देवळालीला गेले. वहिनींची सून अर्चना भाकरी थापत होती. मी पाणीसुद्धा न पिता म्हणाले, वहिनींचा एक स्कर्ट दे मला. ती थांबली. "बाई, साड्या वाटल्या तेराव्याला, पाव्हण्यांना. स्कर्ट कुनाला देनार? कापड मऊ हुतं, पुसायला चांगलं... फाडले समदे. ट्रॅक्टरला, मिक्सरला, मोटरीच्या खोलीत." तिने हात पुढे केला तिकडे पाहिलं तर ओट्यावर ताटं पुसायला एक चौकोनी फडकं होतं, तांबड्या फुलांचं. तो स्कर्ट मी ओळखला. त्याला घेर घालताना मी समोर बसून शेंगा सोलत होते.

मी नको ते बोलले. सासूच्या अंगावरचं कापड असं फाडतात का, वर्षश्राद्धापर्यंत तरी थांबायचं, वगैरे. अर्चनाने पिठाचे हात धुतले आणि माझ्यासमोर बसली. "तुमी मागितला असता तर देल्ला असता की. तुमी दहाव्यालाबी पळाला आन तेराव्यालाबी. मला काय म्हाईत तुमाला काय पायजेल?"  ती खाली बघत पुढे म्हणाली, "मलाबी शिवला हुता त्यांनी एक. मी घातलाच न्हाई कधी. लोकं हसतील म्हनून. त्या काय बोलल्या न्हाईत, पन..."  मग चप्पल पायात सरकवून म्हणाली, चला, मोटरीच्या खोलीत बघू, तिकडचा अजून कुनी फाडला नसंल.

तो फाडला नव्हता. स्टार्टरच्या पेटीवर धूळ बसू नये म्हणून आख्खाच्या आख्खा झाकला होता, करड्या रंगाचा, एका बाजूने ग्रीसने काळा पडलेला. मी तो झटकला, उलटा केला, खिसा चाचपला. तळाशी खडूचा एक तुकडा होता, बोटाच्या पेराएवढा, माझ्या शाळेचाच असणार. मी हात आत घातला. माझी बोटं तळाला टेकली आणि हाताचा बराचसा भाग बाहेरच राहिला. अर्चना म्हणाली, "त्यांचा हात लई बारका हुता न्हाई का?" मी मान हलवली. पर्समध्ये टेप होता, तो लावला. पावणेसात इंच. माझी वीत सव्वाआठ. बावीस वर्षं आम्ही ज्यावरून भांडलो ते एवढं, दीड इंचाचं अंतर.

घरी येऊन मी पुठ्ठ्याची पावणेसात इंचाची पट्टी कापली आणि तिने सगळं कापड आखलं, त्याच खडूच्या तुकड्याने. पाच पट्ट्या आणि तीन बोटं. साडेपाच पट्ट्या. कात्री चालवताना समोरची खुर्ची मी मुद्दाम ओढून ठेवली होती, मग स्वतःचाच राग आला आणि परत आत सारली. शिवायला तीन दिवस लागले. चुण्या एका बाजूला दाट आणि एका बाजूला विरळ झाल्या, कमरेची पट्टी दोनदा उसवली. घालून पाहिला तर कमरेला बरोबर दोन बोटं सैल. म्हणजे जेवणाची बोटं आकड्यातच होती... मी चिडून फोन उचलला, निदान हे तरी सांगायचं होतं तुम्ही, असं म्हणायला, आणि यादीतलं त्यांचं नाव समोर आल्यावर खाली ठेवला.

स्कर्ट चांगला झालाय. मी तो रोज घालते. चूक एकच झाली, आणि ती घालून फिरायला लागल्यावर लक्षात आली. पुठ्ठ्याच्या पट्टीच्या नादात मी खिसासुद्धा त्याच मापाने कापला. खिसा ज्याच्या त्याच्या हाताचा, हे विसरलेच, शिवाय शिलाईत गेलेलं कापड धरलं नाही ते वेगळंच. आता चष्मा ठेवला तर अर्धा वर डोकावतो, मोबाईल वाकलं की पडतो, आणि भाजीवाल्याशी बोलता बोलता सवयीने हात आत घातला की बोटं लगेच तळाला लागतात, पुढे जातच नाहीत. दर वेळी चरफडते. उसवून नवा लावायला अर्धा तास पुरे, निळं कापडही उरलंय, कात्री टेबलावरच असते. मी काही तो खिसा अजून बदललेला नाही.